सुट्टीतला एक वर्ग : नखुले, शेवया आणि इटलीचा पास्ता

श्रोतेहो, उन्हाळ्याची सुट्टी लागली की भाचरांनी मामाच्या गावाला जावयाचे, ही आपली जुनी रीत. यंदा आमच्याकडे ती उलटी झाली. मामाच भाचीच्या गावाला गेला. मी निफाड तालुक्यातल्या एका लहान गावी शिक्षक आहे. माझी ताई नाशिकला द्वारका भागात राहते. ही द्वारका म्हणजे श्रीकृष्णाची नव्हे, बरं का! मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांना भेटतात तो हा नाशिकचा चौक. डोक्यावरून उड्डाणपूल गेलेला, खाली मालमोटारी, एस.टी. गाड्या आणि रिक्षा यांची दिवसरात्र वर्दळ. अशा गजबजाटातल्या एका इमारतीच्या गच्चीवर यंदा मी चार दिवस विद्यार्थी होऊन बसलो. काय शिकलो, ते आज आपणांस सांगावयाचे आहे.

झाले असे. माझी भाची नोकरीच्या निमित्ताने युरोपात होती. तिकडच्या सुट्टीत ती इटली पाहावयास गेली, आणि देवळे-मनोरे पाहून झाल्यावर बोलोन्या नावाच्या शहरात तिने पैसे भरून चार तासांचा स्वयंपाकाचा वर्ग केला. तेथे आता ही पुष्कळ रूढ झालेली गोष्ट आहे. प्रवासी लोक एखाद्या घरी किंवा शेतावर जातात. प्रत्येकाला एक लाकडी फळी, एक लाटणे आणि थोडे पीठ मिळते. शिकवणारी बाई समोर उभी राहून करून दाखवते, आणि मग पाहुण्यांनी स्वतःच्या हाताने पीठ मळावयाचे, लाटावयाचे, कापावयाचे. शेवटी जे झाले असेल तेच सर्वांनी एकत्र बसून जेवावयाचे. भाचीच्या वर्गात निरनिराळ्या देशांचे दहाजण होते. त्यांत निम्मे पुरुष. शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या होत्या. हाताने कणकेची पातळ पोळी लाटणाऱ्या अशा बाईला बोलोन्यात स्फोल्यीना म्हणतात, आणि त्यांचे लाटणे जवळजवळ हातभर लांब असते.

ही हकीकत चालली असताना ताईच्या सासूबाई, म्हणजे घरातल्या आजी, भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजे पैसे देऊन कणीक मळायला शिकलीस होय गं?" सगळे हसले. पण भाची हिरमुसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आम्हां सर्वांना गच्चीवर बसवले आणि तेथे शिकलेले इथे करून दाखवायला घेतले. तिने मळलेल्या पिठाची करंगळीएवढी वळी केली, हरभऱ्याएवढे तुकडे कापले आणि एकेक तुकडा अंगठ्याने दाबून पुढे ओढला. तुकड्याची इवलीशी वाटी झाली. आजी वाकून पाहू लागल्या आणि एकदम म्हणाल्या, "अगं, हे तर नखुले!"

आजींचे म्हणणे अगदी बरोबर होते. पास्ता या इटालियन शब्दाचा मूळ अर्थ मळलेले पीठ, कणीक. गव्हाची कणीक घ्यावयाची, तिला काही आकार द्यावयाचा, आणि ती ओली असतानाच किंवा वाळवून पाण्यात शिजवावयाची. एवढाच या प्रकाराचा गाभा. दक्षिण इटलीतल्या बारी शहराच्या जुन्या वस्तीत बायका गल्लीत पाट मांडून अंगठ्याने आणि सुरीने असेच तुकडे दाबतात. त्यांना ओरेक्येत्ते म्हणतात, म्हणजे छोटे कान. आपल्याकडे नखाने दाबलेले ते नखुले, गव्हाच्या दाण्यासारखे वळलेले ते गव्हले, बोटाने लांबवलेले ते बोटवे. शिवाय मालत्या आहेत, फेण्या आहेत, शेवया आहेत. या सगळ्याला मिळून आपल्या जुन्या बायका वळवट म्हणत. लग्न ठरले की सवाष्णी जमून गव्हले वळावयाच्या आणि रुखवतात वळवटाची ताटे मांडावयाची. इटलीत दाण्याच्या आकाराचा पास्ता आहे, सुतासारखा आहे, शिंपल्यासारखा आहे. दोन्हीकडच्या बायकांना एकमेकींचे नावही ठाऊक नव्हते. पण गहू तोच, पाणी तेच, आणि बोटेही तशीच. त्यामुळे आकारही जुळले.

मार्को पोलोने चीनमधून शेवया इटलीत आणल्या, अशी एक गोष्ट मुलांना सांगतात. ती खरी नव्हे. मार्को पोलो व्हेनिसला परतला १२९५ साली. त्याच्या फार आधी, ११५४ साली, अल्-इद्रीसी नावाच्या अरब भूगोलज्ञाने सिसिली बेटावरच्या त्राबिया गावात पिठाच्या शेवया मोठ्या प्रमाणावर होतात आणि जहाजांतून दूरदेशी जातात, असे लिहून ठेवले आहे. शिक्षकांनी वर्गात एवढी दुरुस्ती जरूर करावी.

आता प्रश्न असा, की या सर्व करामती गव्हाच्याच पिठाच्या का? ज्वारीच्या शेवया अशा का ओढता येत नाहीत? याचे उत्तर पुस्तकात वाचण्यापेक्षा हाताने शोधलेले बरे. कणकेचा लिंबाएवढा गोळा घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. मग तो भांडेभर पाण्यात धरून हळूहळू चोळा. पाणी दुधासारखे पांढरे होईल. ते पाणी ओतून पुन्हा पुन्हा धुवा. शेवटी हातात रबरासारखा, ताणला तर ताणणारा, पिवळसर चिकट गोळा उरेल. पांढऱ्या पाण्यात गेले ते पिष्ट. हातात उरले ते गव्हातले प्रथिन, ज्याला ग्लुटेन म्हणतात. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिने असतात. कोरड्या पिठात ती सुटी असतात; पाणी लागून मळणे झाले की ती एकमेकांत गुंतून जाळे तयार होते. हाच प्रयोग ज्वारीच्या पिठाचा करा. सगळाच गोळा पाण्यात विरघळून जाईल, हातात काही उरणार नाही. म्हणून भाकरी उन्हेरे पाणी घालून मळतात आणि लाटत नाहीत, थापतात.

या प्रयोगाने घरातली आणखी एक गोष्ट उलगडते. कुरडईसाठी आपण गहू तीन दिवस भिजवतो, वाटतो आणि त्याचा चीक काढतो. चीक म्हणजे ते पांढरे पिष्टच. त्यात जाळे जवळजवळ नसते, म्हणून कच्च्या चिकाची कुरडई घालता येत नाही. तो शिजवून घट्ट करावा लागतो, आणि मगच सोऱ्यातून पाडता येतो. शेवई कच्च्या कणकेची होते, कुरडई शिजल्या चिकाची. ज्या बाईने शाळेचे तोंड पाहिले नाही तिला हा भेद पक्का ठाऊक असतो. फक्त त्याला ती रसायनशास्त्र म्हणत नाही.

पीठ कोणते, हाही मोठा मुद्दा आहे. भाचीने पहिल्या दिवशी घरातले चपातीचे पीठ घेतले. आजींनी ते चिमटीत घेऊन पाहिले आणि मान हलवली. "याच्या चपात्या लुसलुशीत व्हतील. शेवईला बन्सी पायजे." बन्सी म्हणजे ज्याला शास्त्रात ड्युरम म्हणतात तो गहू. ड्युरम या लॅटिन शब्दाचा अर्थच कठीण. दाणा टणक, काचेसारखा, आतून पिवळसर. दळला की त्याचा रवा पडतो. आपल्या नेहमीच्या चपातीच्या गव्हात ४२ गुणसूत्रे असतात, बन्सीत २८. बन्सीची कणीक चपातीच्या कणकेइतकी ताणली जात नाही, पण दिलेला आकार ती धरून ठेवते आणि शिजताना तिचा लगदा होत नाही. इटलीने तर १९६७ साली कायदाच केला, की तेथे तयार होणारा सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असला पाहिजे. उत्तरेकडे, बोलोन्यात, मऊ गव्हाचे पीठ वापरतात, पण त्यात पाण्याऐवजी अंडी घालतात. साधारण १०० ग्रॅम पिठाला एक अंडे. पिठात जे कमी पडते ते अंड्याने भरून निघते.

आमच्या निफाडला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे, आणि गव्हाच्या कामासाठी ते प्रसिद्ध आहे. तेथे निघालेल्या बन्सीच्या दोन वाणांना पंचवटी आणि गोदावरी अशी नावे दिलेली आहेत. म्हणजे ज्या जातीच्या गव्हासाठी इटलीने कायदा केला, त्या जातीचे वाण आमच्या गोदाकाठच्या नावांनी ओळखले जातात. खपली गव्हाचीही गोष्ट अशीच. त्यातही २८ गुणसूत्रे. मळणी झाली तरी त्याचा दाणा टरफलातच राहतो, म्हणून तो सडून घ्यावा लागतो. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि बेळगाव या बाजूला तो खिरीसाठी जपून ठेवलेला आहे. इटलीत तोच गहू फार्रो या नावाने खातात.

दुसऱ्या दिवशी बन्सीचा बारीक रवा आणि पीठ आणले, आणि आमचा खरा वर्ग सुरू झाला. शिकवणार कोण, यावर मात्र अडचण आली. आजींच्या बोटांची पेरे सुजलेली आहेत, मूठ पुरती वळत नाही. त्यांनी एक गोळा हातात घेतला, दोनदा दाबला आणि खाली ठेवला. म्हणाल्या, "आता माझ्या तोंडाने शिका. हात ऱ्हायले न्हाईत." आम्ही सारे क्षणभर गप्प झालो. मग ताईने विचारले, पाणी किती घालू? आजी म्हणाल्या, "लागेल तेवढं." लागेल तेवढे म्हणजे किती? "पुरीच्या कणकेहून घट्ट." मी लागेल तेवढे म्हणून भसकन ओतले. नखुले दाबले ते एकमेकांना चिकटून त्यांचा एकच गोळा झाला. आजी हसल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "हाताला कळतं ते तोंडाला सांगता येत न्हाई."

गुरुजनहो, हे वाक्य माझ्या मनाला लागले. आजींचे हात थांबले, की त्या हातांत साठवलेले सगळे थांबणार. म्हणून आम्ही घरातला वजनकाटा आणि औषधाचा मापी पेला गच्चीवर आणला. पीठ मोजून घ्यावयाचे, पाणी मोजून घालावयाचे, गोळा आजींच्या हाती द्यावयाचा आणि त्या 'सैल', 'घट्ट', 'बरा' म्हणतील ते वहीत टिपावयाचे. चौथ्या खेपेला त्या म्हणाल्या, "आता हाय बघ." वही पाहिली. २०० ग्रॅम बन्सीच्या पिठारव्याला ९० मिलिलिटर कोमट पाणी आणि चिमूटभर मीठ. भाचीने बोलोन्याहून आणलेल्या कागदात रवा-पाण्याच्या पास्त्याचे माप पाहिले, तर तेही जवळपास एवढेच निघाले. पीठ जुने किंवा हवा दमट असेल तर चमचाभर इकडेतिकडे होते. पण आता नवशिक्याला पाय टेकायला जागा झाली.

बाकीची रीत आपणही घरी करून पाहावी. पीठ दहा मिनिटे तळहाताच्या टाचेने रेटून मळावे. प्रथम ते खरखरीत आणि हट्टी लागते, मग गुळगुळीत होते. ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवावे. हा विसावा वगळू नये. मळताना प्रथिनांचे जाळे ताणलेले असते. विसाव्यात ते सैल पडते आणि रव्याचा कण पाणी पितो. न थांबता वळायला घेतले तर कणीक रबरासारखी मागे येते. मग वळ्या करून, तुकडे कापून, पाटावर अंगठ्याने दाबावे आणि कापडावर सुटे पसरावे.

शेवयांचे काम याहून अवघड. त्यासाठी गहू ओलवून, फडक्यात बांधून ठेवावे लागतात. मग दळून, चाळून, रवा, सपीट आणि कोंडा वेगळा काढतात. कणीक नुसती मळून भागत नाही, ती तिंबावी लागते. ताईच्या घरी शेवयांचा पाट होता. कित्येक वर्षे तो माळ्यावर डब्यांखाली फळी म्हणून पडून होता. तो खाली काढला. एका अंगाला बारीक खाचा, वर्षानुवर्षे तळहात घासून गुळगुळीत झालेल्या. पाट तिरका ठेवावयाचा. एकीने वर बसून कणीक खाचांवर तळहाताने घासावयाची, दुसरीने खाली उतरणारे धागे अलगद झेलून काठीवर टाकावयाचे. ताई वर बसली, मी खाली. माझे पहिले धागे तुटले, दुसरे जाडे आले. तासाभराने कोठे एक काठी भरली.

वाळवण्याचेही शास्त्र आहे. आपल्याला वाटते, ऊन जितके कडक तितके बरे. पापड-कुरडईला ते चालते. शेवईला मात्र कडक ऊन लागले तर बाहेरचा थर आधी सुकून आखडतो, आत ओल राहते, आणि मग शेवई तडकते. म्हणून ती सावलीत, वाऱ्यावर वाळवावी. नेपल्सजवळचे ग्रान्यानो गाव सुक्या पास्त्यासाठी नावाजले ते असेच, डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये वाहणाऱ्या वाऱ्यामुळे. तिकडच्या कायद्याने सुक्या पास्त्यात शेकडा १२.५ पेक्षा अधिक ओल चालत नाही. आपल्याकडे आजी शेवई कानाजवळ नेऊन मोडतात. कट्‌ असा आवाज आला की डब्यात भरा, म्हणतात.

शिजवताना पाणी भरपूर हवे. १०० ग्रॅमला एक लिटर पाणी आणि त्यात दहा ग्रॅम मीठ, असे तिकडचे प्रमाण. पाणी खळखळून उकळल्यावरच नखुले सोडावे. ताजे असतील तर चार-पाच मिनिटांत होतात. दाताखाली किंचित कणी लागली पाहिजे, असा इटालियनांचा आग्रह असतो. भाताला कणी राहिली तर आपण नावे ठेवतो, ते तिला मान देतात! आम्ही निम्मे नखुले टोमॅटो, लसूण आणि तेलाच्या रश्श्यात घातले आणि निम्म्यांची गूळ-दूध घालून खीर केली. आजींनी आधी खीर घेतली. मग रस्साही चाखला आणि म्हणाल्या, "ही तर आपली वरणफळं, नुसती डाळ इसरलेली." ज्यांच्या घरी चकोल्या किंवा वरणफळे होतात, त्यांनी पास्ता खाल्लेलाच आहे असे समजावे. ज्यांना डॉक्टरांनी गहू वर्ज्य केला आहे, त्यांनी मात्र हा नाद करू नये.

आता कोणी म्हणेल, यंत्राच्या शेवया दुकानात मिळत असताना हा खटाटोप कशासाठी? प्रश्न रास्त आहे. मी यंत्राला नावे ठेवणार नाही. वैशाखात पहाटेपासून पाटावर वाकून बायकांच्या पाठी धरल्या, खांदे गेले. आजींची बोटे आज वळत नाहीत त्याला वय कारण असेल, पण ते एकच कारण असेल असे मला वाटत नाही. यंत्र आले आणि ते कष्ट सुटले, हे चांगलेच झाले. भाचीच्या वर्गातली ती दहा माणसेही काही रोज घरी हाताने पास्ता करीत नसतील. ती एकदा हाताने करून पाहण्यासाठी गेली होती. कष्ट जावेत, पण ज्ञान राहावे. या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात.

बोलोन्याच्या लोकांनी हे कसे केले पाहा. तेथे ताल्यातेल्ले नावाच्या पट्ट्या करतात. १६ एप्रिल १९७२ रोजी त्यांचे माप त्यांनी शहराच्या व्यापार मंडळात रीतसर नोंदवून ठेवले. शिजलेल्या पट्टीची रुंदी ८ मिलिमीटर, म्हणजे गावातल्या असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग! यात थोडी गंमत आहे, पण आजीचा अंदाज त्यांनी दप्तरात चढवला, ही गोष्ट खरी. आपण गव्हल्यांचे माप कोठे नोंदवले आहे?

यातून चार पैसेही उभे राहू शकतात. इटलीने १९८५ साली शेतावरच्या पाहुणचाराला कायद्याची मान्यता दिली, आणि महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले. शेतावर आलेल्या पाहुण्याला आपण बैलगाडीत बसवतो, हुरडा देतो. त्याच्या पुढ्यात एक पाट आणि मूठभर कणीक ठेवून पाहा. ज्या बचतगटाच्या बायका शेवया विकतात, त्यांना शेवया शिकवताही येतील. विकलेली शेवई एकदाच विकली जाते. शिकवलेली विद्या संपत नाही.

शिक्षकबंधुभगिनींना माझी एवढीच सूचना आहे. शाळेत एक अर्धा दिवस काढावा. गावातल्या एखाद्या आजीला सन्मानाने खुर्चीवर बसवावे. कणीक धुण्याचा प्रयोग विज्ञानाचा होईल, मापे गणिताची होतील, आणि नखुले, बोटवे, मालत्या हे शब्द भाषेच्या वहीत उतरतील. मुलगे आणि मुली दोघांनाही पाटावर बसवावे. मुलगे कुरकुरतील, तर आपणच आधी बाह्या सरसावाव्यात. मी सरसावल्या, माझे काही बिघडले नाही.

निघताना आजींनी मला एक डबा दिला. त्यात माझेच नखुले होते, वाकडेतिकडे, काही जाड, काही फाटके. आणि ती वही त्यांनी भाचीकडून मागून घेतली. आजींना वाचता येत नाही. तरी पहिल्या पानावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "यात माझं काय लिवलंय?" भाचीने वाचून दाखवले : २०० ग्रॅम पीठ, ९० मिलिलिटर पाणी, चिमूटभर मीठ, अर्धा तास विसावा. आजींनी नीट ऐकले आणि म्हणाल्या, "मीठ चिमूटभर म्हंजे कुणाची चिमूट, तेबी लिव्ह."

भाचीने लिहिले : आजीची.